उजव्या डोळ्याची बाहुली

मी एक जुनी बॅटरी आहे, मित्रांनो. घड्याळात घालतात ती बॅटरी नव्हे. दिवे गेल्यावर जिना उतरताना घरातली मोठी माणसं "अगं, बॅटरी आण" म्हणतात ना, ती. त्यातही मी डॉक्टरांच्या खिशातली. लांबी पेनाएवढी, अंग पितळेचं, त्यावर चढवलेला चकचकीत मुलामा आता कडेकडेने उडालेला. तोंडाशी मसुराच्या डाळीएवढा दिवा आणि पाठीला खिशात अडकवायची पट्टी. एवढाच माझा संसार.

बॅटरीला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. पण माझं सगळं आयुष्य माणसांच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर गेलं आहे. घाबरलेला माणूस इतक्या जवळून दुसरं कोणी पाहत नाही. त्याची आई पाहत नाही, बायको पाहत नाही. मी पाहते. आणि इतकी वर्षं भीती बघता बघता ती थोडी माझ्याही अंगात मुरली आहे.

गिरगावात एका बोळातल्या छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. लेथवर माझं अंग घासलं गेलं, पोटात स्प्रिंग बसली, आणि कारागिराने बटण दाबून माझा पहिला उजेड आपल्या तळहातावर पाडून बघितला. पुढे मी दुकानाच्या काचेत बसले. तिथून मला नेलं रमाकांत धुरू नावाच्या तरुणाने. तो नुकताच डॉक्टर झाला होता आणि परळच्या एका मोठ्या रुग्णालयात कामाला लागला होता. दादरच्या हिंदू कॉलनीतलं घर, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. त्याने मला खिशाला लावलं ते जवळजवळ कायमचंच.

माझं काम सोपं होतं. डोळ्याच्या मधोमध जो काळा ठिपका असतो, ती बाहुली. तिच्यावर उजेड पडला की ती लहान व्हायला हवी. दोन्ही डोळ्यांत सारखी, चटकन. लहान झाली की डॉक्टर मान हलवायचे आणि मला विझवायचे. नाही झाली, तर काय, हे मी पहिल्याच वर्षात शिकले.

दगडू नावाचा गिरणीतला एक कामगार डोकं दुखतं म्हणून आला होता. धडधाकट गडी. खाटेवर बसून थट्टामस्करी करत होता. "डॉक्टरसाहेब, चहा पाजा, दुखणं पळून जाईल," म्हणत होता. रमाकांतने त्याच्या डोळ्यांत माझा उजेड टाकला. डावी बाहुली मिटली. उजवी मिटली नाही. ती तशीच राहिली, मोठी, काळी, विहिरीसारखी. वॉर्डबॉय चहा घेऊन आला तेव्हा दगडू बोलायचा थांबलेला होता. पुढे तो कधीच बोलला नाही. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आला होता आणि तो फुटला होता. रमाकांत बराच वेळ त्या खाटेपाशी उभा होता, आणि मी त्याच्या मुठीत घामाने ओली झाले होते.

त्या दिवसानंतर तो मेंदूच्या आजारांकडे वळला, त्यातच मोठा झाला, धुरू सर झाला. लोक लांबून लांबून त्यांच्याकडे यायचे. "सरांच्या हातात बॅटरी असली की निम्मं निदान झालं," असं नर्स म्हणायच्या तेव्हा मला फार अभिमान वाटायचा. मग मोबाइल आले. मोबाइलमध्येच दिवा आला. पांढऱ्या झगझगीत प्रकाशाच्या नव्या टॉर्च आल्या. सर निवृत्त झाल्यावर मी त्यांच्या टेबलाच्या खणात पडून राहिले. पोटातला सेल गळून माझ्या आत हिरवट बुरशी धरली. सरांच्या पत्नी सुमेधाताई एकदा खण आवरायला बसल्या म्हणून वाचले. त्यांनी माझ्यातली घाण काड्यांनी खरवडली, अंगाला चिंच चोळली, नवा सेल घातला, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "इतकी वर्षं हिच्यावर पोट भरलंत, आणि अशी टाकून द्यायची?"

सर ओशाळले. तेव्हापासून त्यांचा एक नेम झाला. महिन्यातून एका रविवारी ते रुग्णालयाच्या जुन्या वर्गात जायचे आणि शिकणाऱ्या मुलांना मेंदूच्या नसा तपासायला शिकवायचे. फी नाही, हजेरी नाही. आणि मोबाइलचा दिवा चालणार नाही. तपासायचं तर माझ्याच उजेडात.

आता मित्रांनो, ज्या रविवारी मी आयुष्यात सर्वांत जास्त घाबरले, त्याची हकिगत सांगते.

गणपतीला थोडे दिवस उरले होते. परळच्या कारखान्यांतून मोठमोठ्या मूर्ती मंडपाकडे निघायच्या त्या दिवसांतला रविवार. सर वर्गात आले ते जरा उशिराच, कपाळ चोळत. फळ्यावर कवटीचं चित्र काढता काढता ते म्हणाले, "मेंदूच्या खालून मज्जारज्जू निघतो. पाठीच्या मणक्यांमधून तो कमरेपर्यंत उतरतो, आणि हातापायांच्या नसा त्याला फुटतात. पण चेहऱ्याचा कारभार मेंदूने दुसऱ्या कोणाकडे सोपवलेला नाही. डोळे, कान, नाक, जीभ, गाल यांच्यासाठी मेंदूच्या बुडातून बारा नसांच्या जोड्या थेट निघतात. कवटी बंद पेटी आहे. आत काय बिघडलंय ते ती सांगत नाही. चेहरा सांगतो. फक्त विचारता आलं पाहिजे."

मग नेहमीप्रमाणे ते स्वतः स्टुलावर बसले. "मी पेशंट. या, तपासा."

पहिला आला शंतनु. हुशार मुलगा, पण घाईचा. त्याने सरांच्या कपाळाकडे बघून सांगून टाकलं, "सर, डावीकडची आठी कमी पडते. सातव्या नसेचा वीकनेस वाटतोय."

सर भडकले. "आठी कमी पडते? जन्मापासून हेच कपाळ आहे माझं! पुस्तक पाठ करून येता आणि मग जे नाही ते माणसाच्या तोंडावर शोधत बसता. उद्या धडधाकट माणसाला आजारी ठरवशील तू. बस खाली!"

सर असे ओरडत नसत. मला वाटलं, आज यांना बरं नाही.

"पुढची. तू ये गं."

उठली ती श्रेया. लालबागच्या चाळीत राहणारी, शेवटच्या वर्षाची मुलगी. तिचे वडील दौलत मसाले कुटायच्या डंकावर काम करायचे. घरात डॉक्टर होणारी ती पहिलीच. वर्गात ती नेहमी मागच्या बाकावर बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. तिने मला हातात घेतलं तेव्हा तिची बोटं थंडगार होती.

तिने पद्धतशीर सुरुवात केली. डोळे मिटायला लावून कॉफीच्या पुडीचा वास दिला. ती पहिली नस. एकेक डोळा झाकून भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली, ती दुसरी. मग माझं बटण दाबलं आणि बाजूने उजेड आत आणला, आधी डाव्या डोळ्यात. बाहुली मिटली. मग उजव्या.

मित्रांनो, मी तिथेच होते. मी पाहिलं. उजवी बाहुली डावीपेक्षा किंचित मोठी होती. उजेड पडल्यावर ती लहान झाली, पण आळसावल्यासारखी, उशिरा, आणि अर्धवट. वरची पापणीही केसभर खाली आलेली. चष्म्याच्या जाड चौकटीआड पटकन कळणार नाही इतकीच.

श्रेयाचा हात हवेत थांबला. तिने उजेड काढून घेतला, परत टाकला. माझ्या पितळेतून मला तिची नाडी लागत होती. मी मनात ओरडत होते, 'बोल! अगं, बोल!' पण बॅटरीला तोंड नुसतं उजेडाचं असतं.

"काय झालं?" सरांनी विचारलं. "बाहुल्या कशा आहेत?"

श्रेयाने शंतनुकडे बघितलं. तो मान खाली घालून बसला होता.

"नॉर्मल, सर."

"मग पुढे चल."

ती पुढे गेली. बोट फिरवून नजर फिरवायला लावली, कापसाने गालाला स्पर्श केला, दात दाखवायला सांगितले, कानाशी बोटं चोळली, 'आ' करायला लावून पडजीभ बघितली, खांदे उचलायला लावले, जीभ बाहेर काढायला सांगितली. बाराही झाल्या. सगळ्या नसांना ती 'नॉर्मल' म्हणाली, पण आवाज प्रत्येक वेळी खाली जात होता. सरांनी डोळ्यांवर हात ठेवला आणि म्हणाले, "आज इथेच थांबू. डोकं जरा धरलंय. नव्या चष्म्याचा त्रास असेल." आणि ते निघून गेले. मला खिशात घालायचंही विसरले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मी श्रेयाच्या एप्रनमध्ये राहिले.

ती परळहून लालबागला चालत निघाली. रस्त्यात बांबूचे मंडप उभे राहत होते, कोणीतरी ढोल तापवत होतं. ती चालता चालता पुटपुटत होती, "नाही, मलाच तसं वाटलं असेल. खिडकीतून ऊन येत होतं. बॅटरी जुनी आहे, सेल उतरला असेल." मला राग आला नाही, मित्रांनो. भ्यालेला माणूस आधी हत्यारालाच दोष देतो.

घरी दौलत नुकतेच आंघोळ करून बसले होते, तरी अंगाला मिरच्यांचा वास होताच. तिची आई लक्ष्मी काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढत होती. श्रेया ताटावर बसलीच नाही. तिने मला काढलं आणि म्हणाली, "बाबा, समोर बघा."

"गो, माझ्या डोळ्यात बॅटरी कित्याक मारतंस? माका काय झाला?"

"काही नाही झालं. बघा फक्त."

दौलतच्या बाहुल्या झटकन मिटल्या. मग लक्ष्मीच्या. शेजारचे आजोबा दारात आले होते, त्यांच्याही. मोतीबिंदू काढलेले म्हातारे डोळे, पण दोन्ही बाहुल्या सारख्या. श्रेयाने बटण सोडलं. माझा दोष नव्हता. तिच्या नजरेचाही नव्हता.

"काय झाला ता सांगशीत तरी," लक्ष्मी म्हणाली.

तिने सांगितलं. तिसरी नस डोळा फिरवते, पापणी उचलते आणि बाहुली लहान करते. बाहुलीचे धागे त्या नसेच्या वरच्या अंगाला असतात, त्यामुळे बाहेरून दाब आला की पहिल्यांदा बाहुलीच मोठी होते. आणि त्या नसेला अगदी चिकटून एक रक्तवाहिनी जाते. तिला फुगा आला, तर तो नसेवर दाबतो. फुटला, तर माणूस जातो. "हे सगळं त्यांनीच शिकवलंय, आई. आणि मी त्यांनाच नॉर्मल म्हणाले."

"मग फोन कर."

तिने फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. बंद. रुग्णालयातल्या एखाद्या मोठ्या डॉक्टरला सांगावं, असं तिच्या मनात आलं. नंबर काढून ती नुसती बघत राहिली. "काय सांगू? धुरू सरांना आजार आहे, आणि तो मला दिसलाय? हसतील सगळे. आणि चुकले असेन तर त्यांच्या वर्गात पुन्हा पाय ठेवता येणार नाही मला."

दौलत हात धुऊन उठले. ते फार शिकलेले नव्हते आणि त्यांना त्या नसेतलं काही कळलंही नव्हतं. मुलगी घाबरली आहे, एवढंच त्यांना कळलं होतं. "चुकलंस तर लोक हसतले," ते म्हणाले. "दोन दिवस हसतले नि विसरतले. पण खरा निघाला तर? मगे तू काय करतलंस? चल. त्यांची बॅटरी तुझ्याकडे हा ना? ती देऊक इलंय म्हणान सांग."

दौलतबरोबर दादरला जाताना श्रेयाने मला इतकं घट्ट धरलं होतं की माझी पट्टी तिच्या तळव्यात रुतली. दारासमोर उभी राहिल्यावर तिने घंटीकडे हात नेला आणि मागे घेतला. पुन्हा नेला. शेवटी घंटी वाजवली तेव्हा तिने डोळे मिटले होते.

दार सुमेधाताईंनी उघडलं. त्यांचा चेहरा ओढलेला होता. "ये बाळ. सर झोपलेत गं. खोलीत अंधार करून पडलेत. उजेड नको म्हणतात. दोनदा ओकारी झाली."

"ताई, मला त्यांना आत्ताच भेटायचंय."

आतून आवाज आला, "कोण आहे?"

"सर, मी श्रेया. बॅटरी राहिली होती माझ्याकडे."

"टेबलावर ठेव आणि जा."

ती गेली नाही. ती खोलीत शिरली, पडदा थोडा सरकवला, आणि म्हणाली, "सर, उठून बसा. मला तुमचे डोळे परत तपासायचेत."

"वेड लागलंय का तुला? मायग्रेन आहे माझं. कॉलेजात होतो तेव्हापासूनचं."

"असू दे. बसा सर. प्लीज."

सर उठून बसले. चष्मा नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला आणि मी जे पाहिलं त्याने माझी आतली तार थरथरली. उजवी पापणी अर्धी उतरली होती. तिच्याखालचा डोळा बाहेरच्या बाजूला ढळला होता. बाहुली सकाळपेक्षा कितीतरी मोठी झाली होती. श्रेयाने माझा उजेड तिच्यावर टाकला. ती हलली नाही. मला दगडू आठवला. तसाच काळा, तळ न दिसणारा डोळा.

"सर, माझी किती बोटं दिसतात?"

सरांनी बोटं मोजली. "चार," ते म्हणाले.

तिने दोनच धरली होती.

सरांनी तिच्या हाताकडे बघितलं, मग एक डोळा झाकून बघितलं.

"उजवी बाहुली कशी आहे?" त्यांनी हळू विचारलं.

"मोठी आहे सर. उजेडाला मिटत नाही. पापणी पडलीय. डोळा बाहेर गेलाय."

"कुठली नस?"

"तिसरी."

"कशाने?"

श्रेयाने मला विझवलं. "फुगा असू शकतो, सर."

"हं," सर म्हणाले. दुसऱ्या कुणाबद्दल ऐकावं तसं त्यांनी ते ऐकलं. मग त्यांनी चाचपून सुमेधाताईंचा हात शोधला आणि म्हणाले, "सुमेधा, माझ्या चपला आण. हॉस्पिटलला जायचंय. घाई नाही करायची, पण थांबायचंही नाही."

रुग्णालयात फोन झाला. मिरवणुका निघाल्यामुळे रुग्णवाहिकेला यायला वेळ लागणार होता. दौलतनी खाली जाऊन टॅक्सी धरून आणली. सरांना मागे बसवलं, एका बाजूला सुमेधाताई, दुसऱ्या बाजूला श्रेया, पुढे ड्रायव्हरशेजारी दौलत. मी श्रेयाच्या हातात.

"ऐक," सर तिला म्हणाले. डोळे मिटलेले होते. "मधूनमधून बघत राहा. बाहुली आणखी मोठी झाली तर घाबरू नकोस. मी बोलायचा थांबलो, तर घाबर."

"अहो, असं काय बोलताय!" सुमेधाताई म्हणाल्या, आणि पदराने तोंड दाबून धरलं.

हिंदमाता ओलांडून गाडी थोडी पुढे गेली आणि थांबली. पुढे माणसंच माणसं. कारखान्यातून एका मोठ्या मंडळाची मूर्ती बाहेर पडली होती. ट्रॉलीवर झाकलेली ती उंच आकृती, आजूबाजूला हजारो हात वर, प्रत्येक हातात मोबाइल. ढोल-ताशे असे वाजत होते की टॅक्सीच्या काचा दणदणत होत्या. प्रत्येक ठोक्याला सरांचा चेहरा आकसत होता. एवढ्या आवाजाने त्यांचं रक्त उसळलं तर? तो फुगा किती पातळ असेल? कोणाला ठाऊक होतं! श्रेयाने माझा उजेड टाकला. बाहुली तशीच. "सर, बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. नसांची नावं सांगा."

सर सांगू लागले. चौथीपाशी अडकले.

दौलत दार उघडून गर्दीत शिरले. श्रेया खिडकीतून अर्धी बाहेर आली. पुढे दोरखंड धरून उभ्या असलेल्या पोरांमध्ये तिला शिट्टी गळ्यात घातलेला एक ओळखीचा चेहरा दिसला. तिचा चुलतभाऊ निलेश.

"निलेशदादाऽऽ!" कधी मोठ्याने न बोलणारी ती मुलगी जिवाच्या आकांताने ओरडली. "अरे पेशंट आहे! मेंदूचा पेशंट! ढोल बंद कर रे, वाट दे!"

निलेशने वळून पाहिलं. आधी त्याला कळलं नाही. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि शिट्टी तोंडात घातली. एकदा, दोनदा, लांबलचक. "ए, थांबवा! ताशा बंद! दोर मागे घ्या! ए मोबाइलवाले, बाजूला हो ना भाई, पेशंट आहे!"

पुढचा ढोल थांबला. त्याच्यामागचा थांबला. त्या रस्त्यावर अशी शांतता पसरली की टॅक्सीचं इंजिन ऐकू येऊ लागलं. पोरांनी हाताला हात लावून दोन्हीकडे भिंत केली आणि मधून आमची गाडी हळूहळू पुढे सरकली. खिडकीतून कितीतरी चेहरे आत बघत होते. कोणी हात जोडले होते. सर तेवढ्यात पुटपुटले, "पाचवी चेहऱ्याची. सहावी डोळ्याची." श्रेया रडत रडत म्हणाली, "बरोबर सर. पुढे?"

रुग्णालयात पोचल्याबरोबर त्यांना आत नेलं. तपासणीत फुगा दिसला. तिसऱ्या नसेला टेकलेला, आणि एका जागी फुटायच्या बेतात आलेला. त्याच दिवशी जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक तार थेट मेंदूपर्यंत नेऊन डॉक्टरांनी तो आतून बुजवला. ते सगळं होईपर्यंत सुमेधाताई बाकावर बसून होत्या. त्यांनी मला श्रेयाकडून मागून घेतलं आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून ठेवलं. बटण सारखं दाबत होत्या. लाव, विझव. लाव, विझव. माझा सेल संपत आला होता, तरी मी जमेल तेवढी जळत राहिले.

सर वाचले, मित्रांनो.

दोन-तीन दिवसांनी श्रेया त्यांना भेटायला आली, तेव्हा मी त्यांच्या उशाशीच होते. उजवा डोळा अजून मिटलेला होता. नसेवरचा दाब गेला, तरी नस सावरायला महिने लागतात. ती खाटेशी उभी राहिली आणि तिने ते सांगून टाकलं, जे सांगायला ती आली होती.

"सर, मी सकाळी वर्गातच बघितलं होतं. तेव्हाच बाहुली मोठी होती. मी नॉर्मल म्हणाले. घाबरले होते."

सरांनी तिच्याकडे मान वळवली. मला वाटलं, आता ओरडतील.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "तुझा हात थांबला होता. मला कळलं होतं."

श्रेया खाटेच्या कडेवर बसली.

"आदल्या दिवसापासून मला जिना उतरताना पायऱ्या दोन-दोन दिसत होत्या. मी आरशात बघायचं टाळलं. रविवारी सुमेधा म्हणत होती, जाऊ नका. पण मी आलो, कारण मला कोणीतरी तपासून 'काही नाही' म्हणायला हवं होतं. शंतनुवर तसा ओरडलो, कारण आपल्याला काहीतरी दिसलं असं तो म्हणाला. जे दिसलं म्हणाला ते चुकीचं होतं, पण मला ते ऐकायचंच नव्हतं. आणि तू नॉर्मल म्हणालीस तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की मी पुन्हा विचारलंच नाही." ते थांबले. "तू घाबरली होतीस, ते मी समजू शकतो. पोरगी आहेस. मी आयुष्यभर हेच शिकवत आलो, आणि तुझ्याहून जास्त घाबरलो."

श्रेयाने त्यांचा हात हातात घेतला. इतकी वर्षं मी त्या हातात होते. तो हात कोणी असा धरलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

आता मी पुन्हा सरांच्या खिशात असते, पण ते मला फारसं काढत नाहीत. त्यांची पापणी अजून थोडी खाली असते आणि बारीक अक्षर वाचताना ते डोळ्यावर पट्टी बांधतात. शिकवायचं काम आता श्रेया आणि शंतनु करतात. त्यांच्याजवळ नव्या टॉर्च आहेत, माझ्याहून कितीतरी प्रखर. मला त्याचं वाईट वाटत नाही. एवढंच मागणं आहे, की घरातली जुनी वस्तू खणात सडू देऊ नका. वापरात नसेन तेव्हा माझा सेल काढून ठेवा, कोरड्या फडक्याने पुसा. कधी गरज पडेल सांगता येत नाही.

आणि तुमच्या घरात कोणाचं डोकं कधी नव्हे इतकं दुखत असेल, कोणाची पापणी उतरली असेल, एकाचे दोन दिसत असतील, तर "काही नाही, चष्म्याने होतंय" असं ऐकून गप्प बसू नका. चुकायची भीती वाटेल, मोठ्यांच्या रागाची वाटेल. वाटू द्या. श्रेयालाही वाटत होती. घंटी वाजवली त्या क्षणीही वाटत होती. ती भीती घेऊनच दारापर्यंत जा, आणि दार उघडलं की जे दिसलं ते स्पष्ट बोला. मी उजेड पाडू शकते, मित्रांनो. मला बोलता येत नाही.